ज्येष्ठा तापलेली, मंगळ गंजलेला

ताऱ्यांचे आणि आपले नाते फार जुने आहे, पण ते काहीसे एकतर्फी आहे. आपण ताऱ्यांना सतत काही ना काही विचारत असतो. मुलीचे लग्न कधी जमेल, पेरणी साधेल का, मुलाला नोकरी लागेल का, घरात जन्मलेल्या बाळाची शांत करावी लागेल का. तारे या प्रश्नांची उत्तरे देत नाहीत; त्यांच्या वतीने दुसरेच कुणीतरी देतात आणि त्याची दक्षिणाही घेतात. मात्र एका प्रश्नाचे उत्तर तारा स्वतः, रोज रात्री, उघड्या डोळ्यांना दिसेल असे देत असतो. तो प्रश्न आपण त्याला सहसा विचारतच नाही. तो असा की, बाबा रे, तू तापलेला आहेस तरी किती?

हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही असे एके काळी मोठमोठ्यांनाही वाटत होते. ओग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली लिहून ठेवले की ताऱ्यांचे अंतर, आकार, गती एक वेळ कळेल. पण ते कशाचे बनलेत आणि त्यांचे तापमान काय, हे माणसाला कधीही कळणार नाही. त्याचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. ताप मोजायचा तर थर्मामीटर काखेत धरावा लागतो. ताऱ्याची काख कुणी गाठायची? कोंत १८५७ साली वारला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, जर्मनीत किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाचे पृथक्करण करून दूरच्या वस्तूतले पदार्थ ओळखण्याची किल्ली शोधली. तापमानाचे कोडेही पुढच्या चाळीसएक वर्षांत सुटले.

पण त्या कोड्याची अर्धी उकल गावोगावच्या लोहारांना शतकानुशतके ठाऊक होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

माझे गाव अनसिंग, वाशीमहून पुसदला जाणाऱ्या रस्त्यावरचे. आमच्या लहानपणी मृग जवळ आला की लोहाराच्या भट्टीपुढे गर्दी उसळायची. कुणी वखराची पास आणलेली, कुणी विळे, कुणी कुऱ्हाड. भाता ओढायला आम्हा पोरांना आनंदाने बसवून घेत. लोहाराजवळ तापमापक नव्हता आणि त्याला तो लागतही नव्हता. तो लोखंडाकडे नुसता बघायचा. आधी काळसर तांबडे, मग लालबुंद, मग केशरी, मग पिवळे. पिवळे झाले की सांडशीने ऐरणीवर, आणि घणाचे घाव सुरू. भाता जास्त ओढला गेला आणि लोखंड पांढरे पडून फुलबाजीसारखे तडतडू लागले, तर तो ओरडायचा, कारण एवढे तापलेले लोखंड जळते. आज मोजून सांगायचे तर त्याचे लाल म्हणजे सातआठशे अंश, पिवळे म्हणजे हजार-अकराशे, आणि पांढरे म्हणजे तेराशेच्या पुढे. तो अंश बोलत नव्हता, रंग बोलत होता. भाषा वेगळी असली तरी माप तेच होते.

या मापातली एक गोष्ट मात्र लोहारापेक्षा कुंभाराच्या लक्षात लवकर यावी अशी आहे. इंग्लंडातल्या वेजवूड या प्रसिद्ध कुंभारकाम करणाऱ्या घराण्यातल्या टॉमसने १७९२ साली असे नोंदवले की भट्टीत माती ठेवा, धातू ठेवा की आणखी काही ठेवा, सगळे पदार्थ सारख्याच तापमानाला लाल दिसू लागतात. पुढे १८४७ साली ड्रेपर या शास्त्रज्ञाने ते तापमान सुमारे ५२५ अंश सेल्सिअस असल्याचे दाखवले. म्हणजे उष्णतेने येणारा रंग पदार्थाच्या जातीवर ठरत नाही, तापावर ठरतो. हे एकदा पटले की मग लोखंडाच्या जागी तारा ठेवायला हरकत कसली?

त्याआधी आणखी एक पायरी. ५२५ अंशांच्या खाली वस्तू अंधारात दिसत नाही, पण म्हणून ती प्रारण करणे थांबवत नाही. तवा लाल नसला तरी हात जवळ नेला की धग लागतेच. ती धग हाही प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. आपले शरीरही रात्रंदिवस असे मंद अवरक्त प्रकाशाने उजळत असते. २०२० साली करोनाच्या दिवसांत किराणा दुकानाच्या दारात कपाळावर रोखले जाणारे ते पिस्तुलासारखे यंत्र आठवा. ते अंगाला टेकत नव्हते, तरी ताप सांगत होते. आपल्या कपाळातून निघणारे प्रारण किती, एवढेच ते मोजत होते. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्याच्या कपाळावर दुर्बीण रोखतात तेव्हा तत्त्व तेच असते. फक्त दुकानाचे दार काही प्रकाशवर्षे लांब असते.

या तत्त्वाला नियमाचे रूप देणारी माणसे तीन. ऑस्ट्रियाच्या स्टेफानने १८७९ मध्ये सांगितले की वस्तूचे निरपेक्ष तापमान दुप्पट केले, तर तिच्यातून बाहेर पडणारी ऊर्जा दुप्पट किंवा चौपट नव्हे, सोळा पट होते. तापमानाचा चौथा घात. हा नियम लावून त्याने सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान काढले, ते सुमारे ५,४०० अंश सेल्सिअस. त्याआधी विद्वानांचे अंदाज दोन हजारांच्या आतल्या अंशांपासून थेट कोटीच्याही पुढे पसरलेले होते! आजचा स्वीकृत आकडा साडेपाच हजारांच्या आसपास आहे. दुसरा जर्मनीचा वीन. त्याने १८९३ मध्ये दाखवले की वस्तू जितकी अधिक तापेल, तितका तिच्या प्रकाशाचा भर तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. आणि तिसरा माक्स प्लांक. बर्लिनमध्ये डिसेंबर १९०० मध्ये त्याने या साऱ्याचे एकच सूत्र मांडले आणि ते मांडताना त्याला गृहीत धरावे लागले की ऊर्जा अखंड धारेने नव्हे, तर पुडक्या-पुडक्यांनी दिली-घेतली जाते. आधुनिक पुंज भौतिकीचा जन्म असा भट्टीच्या उजेडात झाला.

आपला गोंधळ होतो तो नळामुळे. न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या तोटीवर लाल ठिपका आणि थंडवर निळा. आकाशात हे बरोबर उलटे आहे. लाल तारा त्यातल्या त्यात थंड, पिवळा मध्यम, पांढरा उष्ण आणि निळसर सर्वांत उष्ण. तारे हिरवे का नसतात, असे मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे, कारण सूर्याच्या प्रकाशाचा भर खरोखरच हिरव्याच्या जवळपास आहे. पण तारा एकच रंग देत नाही. आजूबाजूचे सगळे रंगही भरपूर देतो, आणि ते एकत्र आले की डोळ्यांना पांढरे दिसते. हिरव्याचा असा पुढाकार साऱ्यांच्या गर्दीत हरवतो.

आता आकाशाकडे वळू. हिवाळ्यात रात्री आठनऊला पूर्वेच्या बाजूला मृग नक्षत्र वर आलेले असते. त्याच्या चौकटीतला एक कोपरा लालसर आहे. तो काक्षी, ज्याला आर्द्रेचा तारा मानतात. त्याच्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यातला निळसर पांढरा तो राजन्य. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, राजन्याचे सुमारे १२,०००. (केल्विनमधून २७३ वजा केले की सेल्सिअस.) उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकाल तेव्हा सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत न्या. पहिला ठळक तारा लागेल तो स्वाती, नारिंगी झाक असलेला, सुमारे ४,३०० केल्विनचा. कमान आणखी पुढे नेली की चित्रा, गार निळसर दिसणारी. पण ही गार दिसणारी चित्रा सुमारे २५,००० केल्विनची आहे!

आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या तोंडी ही सगळी नावे आहेत. मृगात पेरावे, आर्द्रा कोरडी गेली, मघा बरसल्या, स्वातीत रब्बीची घाई. सोयाबीन आणि तुरीचे सारे वर्ष नक्षत्रांनीच मोजले जाते. पण गंमत अशी की सूर्य ज्या नक्षत्रात असतो, ते त्या दिवसांत दिसतच नाही. तो भाग दिवसाच आकाशात असतो. म्हणजे आपण मृगाचे नाव जूनमध्ये घेतो, जेव्हा तो दिसत नाही, आणि डिसेंबरात तो डोक्यावर झळकतो तेव्हा त्याच्याकडे पाहायला आपण घराबाहेर येत नाही. नावे राहिली, ओळख गेली.

काक्षी आणि राजन्य यांच्यात आणखी एक धडा आहे. स्टेफानच्या नियमाने हिशेब केला तर राजन्याच्या दर चौरस मीटरमधून काक्षीच्या शंभराहून अधिक पट ऊर्जा बाहेर पडते. तरी काक्षी त्याच्या बरोबरीने चमकतो. हे कसे? तर तो अवाढव्य आहे म्हणून. त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे सातशे पट मानली जाते. सूर्याच्या जागी तो ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ सगळे त्याच्या पोटात जातील. एवढे मोठे अनुमान केवळ रंग, तेज आणि अंतर यांवरून निघते. ठिपक्यापलीकडे काही न दाखवणाऱ्या दिव्याबद्दल एवढे सांगता यावे, याचे मला अजून नवल वाटते.

अर्थात रंग फसवूही शकतो. मावळता सूर्य लाल दिसतो तो थंड पडला म्हणून नव्हे, तर आपल्या हवेने त्यातला निळा भाग वाटेत पसरवून टाकला म्हणून. अवकाशातली धूळही हेच करते. म्हणून शास्त्रज्ञ एकट्या रंगावर विसंबत नाहीत, ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषाही तपासतात. या रेषांचा आणि तापमानाचा नेमका संबंध ज्याने १९२० मध्ये गणिताने जोडून दिला, तो मेघनाद साहा आपलाच. ढाक्याजवळच्या एका खेड्यात, लहान दुकानदाराच्या घरी जन्मलेला. महाराष्ट्रातही हे काम त्याच्या आधी सुरू झाले होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला वीस इंची दुर्बीण चालवत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उपकरणे घेऊन गेले आणि तिथे त्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला. पुढे १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद होऊन साहित्य कोडाईकनालला गेले.

पडताळा घेण्याची ही सवय किती उपयोगी, याचे ताजे उदाहरण काक्षीचेच. २०१९ च्या ऑक्टोबरपासून तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचे तेज जवळपास एक तृतीयांशावर आले. तारा फुटणार, अशा बातम्या झळकल्या. त्याच फेब्रुवारीत एमिली लेव्हेस्क आणि फिलिप मॅसी यांनी त्याच्या वर्णपटावरून तापमान काढले, ते सुमारे ३,६०० केल्विन भरले. २००४ साली ते ३,६५० होते. म्हणजे पन्नासच अंशांचा फरक, आणि एवढ्याने तारा इतका मंद होत नाही. मग धुळीवर संशय गेला. २०२१ मध्ये अधिक बारकाईच्या निरीक्षणांतून चित्र स्पष्ट झाले. ताऱ्याने वायूचा एक लोट बाहेर टाकला होता, पृष्ठभागाचा एक भाग थोडा निवला होता, आणि त्या लोटाची धूळ होऊन आपल्या बाजूने पडदा पडला होता. तारा आपल्या जागी होता. भाकिते करणारे गप्प झाले आणि मोजणाऱ्यांच्या वह्या तेवढ्या भरल्या.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे सांगितले, त्याकडे येतो.

वृश्चिकाच्या छातीशी ज्येष्ठा हा तांबडा तारा आहे. साधारण दोन वर्षांतून एकदा मंगळ त्याच्या जवळून जातो. तेव्हा दोन लाल ठिपके शेजारी शेजारी दिसतात, आणि ते इतके सारखे वाटतात की ग्रीकांनी ज्येष्ठेला मंगळाचा प्रतिस्पर्धी अशा अर्थाचेच नाव दिले, अँटारेस. पण ज्येष्ठा लाल आहे ती सुमारे ३,६०० केल्विनला तापलेली आहे म्हणून. मंगळ लाल आहे तो त्याच्या मातीतले लोखंड गंजले आहे म्हणून. त्याचे सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. त्याची स्वतःची धग इतकी क्षीण की ती फक्त अवरक्तात सापडते. आपल्याला दिसतो तो सूर्याचा उसना उजेड. लोहाराच्या भट्टीतली लाल पास आणि कुंपणावर पडून गंजलेली तांबडी पास यांत जो फरक, तोच या दोघांत. भट्टीतली हातात धरली तर हात भाजेल. कुंपणावरची पोरे उचलून खेळतात.

या गंजलेल्या, थंडगार गोळ्याला आपण 'उग्र' ठरवले आणि त्याच्या नावाने आपल्या मुलींच्या वाटा अडवल्या. पत्रिकेच्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्यात मंगळ असला की 'मुलीला मंगळ आहे' म्हणतात. बारातली पाच घरे! नुसत्या हिशेबानेच शंभरातल्या चाळिसांना तो लागणार. इतक्या माणसांत काहीतरी वाईट घडणारच, आणि घडले की मंगळाचा पुरावा सापडला. ज्येष्ठेचेही तसेच. ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी म्हणे थोरल्या दिराला वाईट. ज्येष्ठा तारा सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षे दूर आहे. आज तिचा जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा वऱ्हाडावर बहामनी सुलतानांचे राज्य होते. चंद्र त्या ताऱ्याच्या दिशेला असताना कुणी मुलगी जन्मली, एवढ्यावरून अजून ठरायच्या असलेल्या सासरच्या दिराचे आयुष्य मोजायचे, हा कुठला न्याय? आमच्या नात्यातल्या एका मुलीची दोन स्थळे याच कारणाने परत गेली. मुलगी शिकलेली, कमावती. त्या घरच्यांना तिच्याबद्दल काहीही विचारायचे नव्हते. त्यांना फक्त मंगळाबद्दल विचारायचे होते.

कुणी म्हणेल, विज्ञानाने मोजता येत नाही ते नसतेच कशावरून? रास्त प्रश्न. पण फलज्योतिषाचा दावा मोजता येण्याजोगा आहे, आणि तो मोजूनही झाला आहे. २००८ मध्ये पुण्यात दिवंगत जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, दिवंगत नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन एवढेच विचारले की यातली हुशार मुले कोणती. उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तर निम्मी बरोबर आली असती. ताऱ्याचे तापमान काढणाऱ्याची दोन वेगळ्या मार्गांनी काढलेली उत्तरे जुळावी लागतात. न जुळल्यास तो आपला सिद्धांत टाकून देतो. इतकीच अट भविष्य सांगणाऱ्यालाही घालावी, यात श्रद्धेचा अपमान नाही.

शिवाय ही मोजण्याची परंपरा काही परकी नाही. आमच्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या ११८३ च्या सुमाराच्या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची ठिकाणे दिली आहेत. त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचेही नाव आहे. आजच्या मापाने वाशीम उज्जैनच्या थोडे पूर्वेला भरते. असू दे. ती मोजण्यातली उणीव होती, आणि पुढच्यांनी ती मोजूनच काढली. आपल्या जिल्ह्याला आकाशाच्या नकाशावर जागा मिळाली ती अशा हिशेबी माणसांमुळे. तो वारसा सोडून त्याच पंचांगातले फक्त भय उचलणे, हा करंटेपणा आहे.

आणि याची सुरुवात शाळेतच व्हायला हवी. स्टेफान आणि वीन यांचे नियम आपल्याकडे भेटतात ते बारावीच्या विज्ञान शाखेत, इंग्रजीत, गुण मिळवण्यापुरते. तोवर बहुतेक मुले, त्यातही गावाकडच्या मुली, त्या वाटेवरून बाजूला झालेल्या असतात. वास्तविक सहावीतल्या मुलाला भट्टी दाखवून हा विषय मराठीत तासाभरात समजावता येतो. लागणारी प्रयोगशाळा गावातच आहे. रस्त्यांवर नवे पांढरे दिवे आले असले तरी अनसिंगच्या शिवाराबाहेर थोडे चालत गेले की आकाश अजून काळे मिळते. पुण्या-मुंबईच्या मुलांना ते विकतही मिळत नाही.

तेव्हा घरातल्या थोरांना माझी एक विनंती आहे. येत्या सुट्टीत नात्यातली सारी मुले जमली की एका रात्री त्यांना दिव्यांपासून दूर न्या. दुर्बीण नको, पुस्तक नको. स्वाती आणि चित्रा दाखवा, नाहीतर काक्षी आणि राजन्य, आणि यांतला जास्त तापलेला कोण, असे विचारा. बहुतेक मुले आधी चुकतील, लाल ताऱ्याकडे बोट करतील. मग त्यांना लोखंडाची गोष्ट सांगा. आणि योगायोगाने मंगळ आकाशात असेल, तर तोही दाखवा. त्याच्याबद्दल तुमच्या घरात पूर्वी काय बोलले गेले, कोणत्या मुलीचे काय झाले, हेही मुलांना खरे खरे सांगा. उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या लग्नाची बोलणी निघतील आणि मंगळाचा विषय येईल, तेव्हा त्या बैठकीत 'तो नुसता गंजलेला आहे' असे म्हणणारे एक तरी माणूस असेल.